न्यू ऑर्लिन्स: चार रात्री, मुख्य हेतू संगीत. कुठे, कधी आणि कसं ऐकावं?

खमाज
मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ह्यूस्टनहून गाडीने न्यू ऑर्लिन्सला जायचं ठरलंय. गुरुवारी दुपारी पोहोचू, सोमवारी निघू. चार मोठी माणसं (सासूबाई सत्तरीच्या, गुडघे दुखतात) आणि बारा वर्षांची लेक. ती शाळेच्या बॅन्डमध्ये ट्रंपेट वाजवते. दोघं शाकाहारी. दारू कुणालाच फारशी नको, पण रात्रीचं संगीत भरपूर हवं. नेटवर जिथे बघावं तिथे बर्बन स्ट्रीटच दिसतो. प्रश्न तीन:
१) मुलीला घेऊन रात्री कुठे जाता येईल?
२) तिकिटं आधी काढायची की तिथे जाऊन?
३) राहायचं कुठे आणि गाडीचं काय करायचं?

रात्रपाळी
आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: या शहरात संगीत "ठिकाणा"वर नाही, वार आणि वेळेवर चालतं. एकाच जागी संध्याकाळी पाचला एक बॅन्ड, आठला दुसरा, अकराला तिसरा. त्यामुळे "अमुक क्लब चांगला का?" या प्रश्नाला उत्तर नसतं. "शुक्रवारी साडेनऊला तिथे कोण आहे?" याला असतं.

ते कळण्याचा मार्ग सोपा आहे. डब्ल्यूडब्ल्यूओझेड, 90.7 एफएम, श्रोत्यांच्या देणग्यांवर 1980 पासून चालणारं स्थानिक रेडिओ केंद्र. त्यांच्या साइटवर 'लाइव्हवायर' नावाचं रोजचं वेळापत्रक असतं: जागा, बॅन्ड, वेळ. रोज दुपारी ते उघडा, तीन नावं निवडा आणि तिन्ही चालत जाता येतील अशी आहेत ना ते बघा. गाडीतही लुईझियानात शिरल्यावर शहराजवळ 90.7 लावून ठेवा, कान तयार होतात.

बर्बन स्ट्रीटबद्दल: एकदा संध्याकाळी सहाच्या सुमारास चालून या, तेवढं पुरे. बहुतेक बारमध्ये जुन्या रॉक आणि पॉप गाण्यांचे बॅन्ड असतात, आणि शेजारशेजारचे स्पीकर एकमेकांवर आदळत असतात. रात्री दहानंतर लेकीला घेऊन तिथे मुळीच जाऊ नका.

चारचौघी
बर्बन सरसकट बाद करू नका. 733 क्रमांकाला फ्रिट्झेल्स आहे, 1969 पासून. लहानशी जागा, लाकडी बाकं, पारंपरिक जॅझ अगदी जवळून. पण तो बार आहे, मुलीला सोडतील असं धरून चालू नका.

वयाचा नियम नीट समजून घ्या. दारू पिण्याचं वय 21. जी जागा निव्वळ बार आहे तिथे 21 खालच्यांना बहुधा आत घेत नाहीत, आईवडील सोबत असले तरी. जिथे स्वयंपाकघर आहे, जेवण मिळतं, तिथे बऱ्याचदा घेतात, काही ठिकाणी विशिष्ट वेळेपर्यंतच. त्यामुळे निघण्यापूर्वी फोन करून एवढंच विचारा: "बारा वर्षांची मुलगी सोबत आहे, किती वाजेपर्यंत चालेल?" मोठ्यांनीही ओळखपत्र जवळ ठेवा. भारतातून आलेल्या पाहुण्यांनी पासपोर्ट. सत्तरीच्या माणसालाही दारावर विचारू शकतात.

तुमच्यासाठी दोन जागा नक्की:

प्रिझर्व्हेशन हॉल, सेंट पीटर स्ट्रीट, फ्रेंच क्वार्टरमध्ये (शहराचा जुना भाग). 1961 पासून. सगळ्या वयांना प्रवेश. प्रयोग जेमतेम 45 मिनिटांचा, संध्याकाळभरात असे अनेक. तिकीट आधी ऑनलाइनच काढा, मार्चमध्ये शनिवारच्या जागा लवकर संपतात.

स्नग हार्बर, फ्रेंचमेन स्ट्रीट. खुर्च्या, जेवणाचा भाग वेगळा, मैफलीची खोली वेगळी, आधुनिक जॅझ. श्रोते शांत बसून ऐकतात. तिकीट आधी. मुलांना घेतात.

खमाज
खूप आभार! प्रिझर्व्हेशन हॉलमध्ये सासूबाईंना बसायला मिळेल का? फोटोंमध्ये लोक जमिनीवर बसलेले दिसतात.

चारचौघी
खोली अगदी लहान आहे. पुढे जमिनीवर उशा, मागे थोडी बाकं, त्यामागे लोक उभे. साधं तिकीट म्हणजे जागेची हमी नाही. राखीव आसनाचं महाग तिकीट असतं, सासूबाईंसाठी तेच घ्या आणि सोबत एक जण त्याच तिकिटावर. बाकीचे साध्या तिकिटावर आलात तरी चालेल, लेक तर पुढच्या उशीवर आनंदाने बसेल.

आणखी काही बारकावे. प्रयोग चालू असताना फोटो आणि चित्रण बंद, ते खरोखर पाळून घेतात. ध्वनिवर्धक जवळजवळ नसतोच, वाद्यं आहेत तशी ऐकू येतात, आणि एवढ्या खोलीत ट्रॉम्बोनचा आवाज समोरच्याच्या छातीवर येतो. म्हणून पुढे बसणाऱ्यांनी भोंग्याच्या थेट रेषेत न बसता जरा बाजूला बसावं. लेकीला सांगा, ट्रंपेटवाल्याच्या डाव्या हाताकडे बघ: तो 'प्लंजर' म्हणून रबरी वाटी भोंग्यावर उघडझाप करतो, त्यातून वा-वा असा बोलका सूर निघतो. ही नळ साफ करायच्या पंपाचीच वाटी असते, दांडा काढलेली.

सूझाफोन
मुलगी ट्रंपेट वाजवते म्हणजे जॅझ म्युझियम चुकवू नका. 400 एस्प्लनेड अॅव्हेन्यू, जुन्या टांकसाळीच्या इमारतीत. सोमवारी बंद, त्यामुळे शुक्रवारी सकाळी उरका. जॅझ ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगचं पहिलं कॉर्नेट (ट्रंपेटसारखं, जरा आखूड वाद्य) तिथे आहे. 1912 च्या शेवटच्या रात्री रस्त्यात पिस्तुलाचा बार काढला म्हणून त्याला पकडून मुलांच्या सुधारगृहात पाठवलं. तिथल्या बॅन्डमध्ये पीटर डेव्हिस या शिक्षकाने त्याला कॉर्नेट शिकवलं. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता (जन्म 4 ऑगस्ट 1901), म्हणजे तुमच्या लेकीपेक्षाही लहान. याच इमारतीत वरच्या मजल्यावर छोटं सभागृह आहे, दिवसा कार्यक्रम असतात. वेळ आधी बघून जा.

तिथून फ्रेंचमेन स्ट्रीट रस्ता ओलांडला की सुरू. म्हणजे संग्रहालय, जेवण, मग संध्याकाळचा पहिला सेट (बॅन्डच्या वाजवण्याची एक सलग फेरी), सगळं एका पट्ट्यात बसतं.

रात्रपाळी
फ्रेंचमेनचं गणित मांडतो. मुख्य भाग जेमतेम दोन-तीन चौकांचा. स्पॉटेड कॅट, डी.बी.ए., ब्लू नाइल, मेझॉन, अॅपल बॅरल, थ्री म्यूझेस सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. पैसे तीन प्रकारांनी जातात:

दारावरचं शुल्क. काही ठिकाणी संध्याकाळी नसतं, रात्री असतं.

'एक सेट, एक पेय' हा नियम. माणशी, दर सेटला काहीतरी घ्यायचंच. सोडा, सरबत, बिनदारूचं काहीही चालतं. दारू घ्यावीच लागते असा गैरसमज नको.

बादली. सेटच्या मध्यावर किंवा शेवटी बॅन्डमधलाच एक जण बादली किंवा बरणी घेऊन फिरतो. ही बक्षिशी वरकमाई नव्हे, दारावर शुल्क नसेल तर बॅन्डच्या कमाईचा मोठा हिस्सा तोच असतो. माणशी दर सेटला 5 डॉलर धरा, नोटांमध्ये. फर्माईश केली तर वेगळे. चार माणसं, रात्रीचे तीन सेट म्हणजे 60 डॉलर नुसत्या बादलीला. ह्यूस्टनहून निघतानाच बँकेतून एक आणि पाच डॉलरच्या नोटा घेऊन निघा. बारमधल्या एटीएमचं शुल्क जबर आणि नोटा वीसच्या.

नेमकी चूक इथे होते: लोक रात्री दहाला पोहोचतात, दारावर रांगा, आत उभं राहायला जागा नाही, वाद्यं दिसत नाहीत, आणि मग "गर्दीच फार" म्हणून परततात. तुमच्यासारख्यांनी संध्याकाळी पाच ते साडेआठ ही वेळ धरावी. वादक तेवढेच तयारीचे, खुर्ची मिळते, आणि ज्या जागा मुलांना घेतात त्या याच वेळेत घेतात. कुठे प्रवेश नाकारला तरी हिरमुसायला नको: दारं-खिडक्या उघड्या असतात आणि रात्री कोपऱ्यावर ब्रास बॅन्ड (पितळी वाद्यं आणि ढोल) उभा राहतो. फूटपाथवरून ऐकायला वयाची अट नाही. तिथेही बादली असते, तिच्यात टाका.

मिठाची_बरणी
शाकाहाऱ्यांसाठी सावधानतेचा इशारा, कारण इथे मांस दिसत नाही तिथेही असतं.

राजमा-भात (रेड बीन्स अँड राइस) हा सोमवारचा पारंपरिक पदार्थ. दिसायला आपला राजमाच, पण डुकराच्या हाडाबरोबर किंवा सॉसेजबरोबर शिजवलेला असतो. सॉसेज काढून दिलं तरी तो शाकाहारी होत नाही. पालेभाज्या (कॉलर्ड ग्रीन्स) तशाच. 'गंबो झर्ब' म्हणजे पाल्यांचं गंबो (इथलं दाट कालवण), नाव ऐकून मागवू नका, त्यात बहुधा मांस असतं. डर्टी राइसमध्ये काळीज. बटाट्याच्या फ्राइज घातलेला पो-बॉय (इथलं लांब पावाचं सँडविच) मिळतो, तोही पारंपरिक पद्धतीने बीफच्या रश्शात भिजवून. "ग्रेव्ही नको" असं स्पष्ट सांगा.

विचारताना "व्हेज आहे का?" असं विचारू नका, "हो" म्हणतील. "कोणत्या स्टॉकमध्ये शिजवलंय? हॅम किंवा सॉसेज घालून शिजवलंय का?" असं विचारा.

कॅफे दु माँद (1862 पासून) इथली बेन्ये (पिठाचे चौकोनी गोड तळीव) सरकीच्या तेलात तळतात, एका प्लेटमध्ये तीन. वर पिठीसाखरेचा ढीग असतो, घास घेताना श्वास आत ओढलात तर ठसका ठरलेला. काळे कपडे नकोत. कॉफीत चिकोरी असते, दक्षिणी फिल्टर कॉफी आवडणाऱ्यांना ती ओळखीची वाटेल. सकाळी आठच्या आत किंवा रात्री उशिरा जा, मधल्या वेळेत रांग लांब असते.

मार्चपासून स्नोबॉल्स सुरू होतात. हॅन्सेन्स स्नो-ब्लिझ, 1939 पासून, चापिटूलस स्ट्रीट. बर्फ इतका बारीक किसतात की सरबत तळाशी न जाता सगळीकडे मुरतं.

ट्रामवाट
राहणं आणि गाडी. फ्रेंच क्वार्टरच्या आत गाडी ठेवणं हा खर्चिक आणि कटकटीचा प्रकार आहे. तुमच्यासाठी सुचवेन: सेंट चार्ल्स ट्रामच्या मार्गावर, लोअर गार्डन डिस्ट्रिक्टच्या बाजूला, स्वतःची पार्किंग असलेलं हॉटेल. गाडी गुरुवारी लावायची, सोमवारी काढायची. पण सासूबाईंचे गुडघे बघता क्वार्टरच्या कडेलाच, कॅनाल स्ट्रीटजवळ राहिलात तर रात्रीचं चालणं वाचेल. पैसे जास्त जातील, तरी तुमच्या बाबतीत मी हेच करायला सांगेन.

रस्त्यावर लावायचीच झाली तर: चौक, क्रॉसवॉक किंवा थांबा-पाटीपासून 20 फूट, आगीच्या नळापासून 15 फूट, कुणाच्या ड्राइव्हवेपासून (घरात गाडी नेण्याच्या वाटेपासून) 3 फूट लांब, आणि वाहतुकीच्या दिशेनेच तोंड. यातल्या प्रत्येकासाठी दंड करतात. मिरवणुकीच्या मार्गावर लावलेली गाडी उचलून नेतात. आणखी एक: शहराचा बराच भाग समुद्रसपाटीखाली, पाणी पंपांनी बाहेर काढावं लागतं. तासभर जोराचा पाऊस झाला की रस्त्यावर पाणी. रस्त्याच्या मधल्या उंच पट्ट्याला तिथे 'न्यूट्रल ग्राउंड' म्हणतात. पुराचा इशारा आला आणि स्थानिक लोक त्यावर गाड्या चढवू लागले की आपलीही हलवायची वेळ झाली.

ट्राम: भाडं 1.25 डॉलर, दिवसाचा पास 3 डॉलर, 'ल पास' अॅपवर. सेंट चार्ल्स मार्ग 1835 पासून चालू आहे, हिरवे डबे 1920 च्या दशकातले, लाकडी बाकं, वातानुकूलन नाही, चढायला उंच पायऱ्या. कॅनाल स्ट्रीटच्या लाल डब्यांत वातानुकूलन आहे आणि व्हीलचेअरची सोय आहे, सासूबाईंना ते सोपे. रस्ता विचारलात तर उत्तर-दक्षिण कुणी सांगत नाही, नदी वळसे घेत असल्यामुळे "नदीकडे", "तलावाकडे", "अपटाउन", "डाउनटाउन" अशाच दिशा आहेत. नकाशावर मिसिसिपी आणि पाँचरट्रेन तलाव कुठे आहेत ते एकदा बघून ठेवा, सगळं लागतं.

खमाज
ट्रामवाट, कॅनालजवळच पक्कं करते. आता मोठा प्रश्न रविवारचा. 'सुपर संडे' असं काहीतरी त्याच सुमारास दिसतंय. आणि 'सेकंड लाइन' म्हणजे तेच का?

सूझाफोन
दोन्ही वेगळे, आणि तुमची तारीख फार भाग्याची आहे.

सेकंड लाइन: कृष्णवर्णीय वस्त्यांमधली 'सोशल एड अँड प्लेझर क्लब' नावाची मंडळं वर्षातून एकेकदा रविवारी दुपारी मिरवणूक काढतात. हंगाम साधारण ऑगस्टअखेरपासून जूनपर्यंत. ही मंडळं मुळात आजारपण आणि अंत्यविधीच्या खर्चासाठी वर्गणी काढणारी. मंडळाचे सदस्य आणि ब्रास बॅन्ड ही 'मेन लाइन', मागून नाचत येणारी सगळी वस्ती ही 'सेकंड लाइन'. तिकीट नाही, नाव नोंदवणं नाही. सुमारे चार तास चालते, मध्ये ठरलेल्या बारपाशी थांबे. मार्गाचा कागद डब्ल्यूडब्ल्यूओझेडच्या साइटवर 'टेकिन इट टू द स्ट्रीट्स' या सदरात येतो.

नियम कुणी सांगत नाही, पण आहेत. मंडळ आणि बॅन्डभोवती धरलेल्या दोरीच्या आत शिरायचं नाही. बॅन्डच्या पुढे जाऊन फोनवर चित्रण करत उलटं चालायचं नाही, त्याने बॅन्ड अडतो. सूझाफोनच्या (अंगाभोवती घालायचा खर्जाचा मोठा पितळी भोंगा) मागे चाला, तिथे ताल सर्वात नीट कळतो. नाचायचं नसेल तर कडेने चाला, पण मध्येच उभे राहू नका. गाडीवरून पाणी, जेवण विकणारे असतात, रोख लागते. स्वच्छतागृहाची सोय नाही, आधीच उरकून या. सासूबाईंसाठी पूर्ण मार्ग जमणार नाही: कागदावरचा एक थांबा निवडा, अर्धा तास आधी घडीची खुर्ची टाकून बसा, मिरवणूक तुमच्यासमोर येऊन थांबेल.

ढोल बघा. ब्रास बॅन्डमध्ये एकच ड्रमवादक नसतो, एक जण गळ्यात मोठा ढोल, दुसरा स्नेअर (खडखडणारा लहान ड्रम). मोठ्या ढोलावर एक झांज बसवलेली असते आणि ती वाजवायला बऱ्याचदा स्क्रूड्रायव्हर किंवा कपडे अडकवायच्या हॅंगरची वाकवलेली तार वापरतात. रस्त्यावरच्या गोंगाटात त्या तारेचा टिक-टिक सूर वेगळा उठून येतो.

खर्ज
तालाबद्दल भर घालतो, तबल्याचा कान असलेल्यांना उपयोगी. आठ मात्रा मोजा. आपल्याला सवयीने समेवर जोर हवा असतो, इथे ढोलाचा मोठा ठोका आठव्या मात्रेवर पडतो आणि सम त्याच्या धक्क्याने पुढे ढकलली जाते. याला 'बिग फोर' म्हणतात (चार-चार मात्रांचे दोन भाग, दुसऱ्या भागातली चौथी). परंपरा याचं श्रेय कॉर्नेटवादक बडी बोल्डनला देते. टाळ्या द्यायच्या तर 2 आणि 4 वर. 1 आणि 3 वर दिल्या की शेजारचे वळून बघतात.

आपल्याकडच्या वरातीच्या बॅन्डशी नातं शोधायचा मोह होतो, आणि पितळी वाद्यं रस्त्यावर आणणारी लष्करी बॅन्डची परंपरा दोन्हीकडे आहेच. पण खरा धागा मुंबईचा: गोव्यातल्या आल्दोन्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट याला 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत, आणि पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या (चितळकर) वाद्यवृंदात तो होता. लेकीला त्या काळची चितळकरांची गाणी आधी ऐकवा, तिथे गेल्यावर तिच्याच लक्षात येईल काय कुठून आलं.

सूझाफोन
खर्ज, उत्तम. आता सुपर संडे.

मार्डी ग्रा (इथला कार्निव्हल) इंडियन्स म्हणजे भारतीय नव्हेत, तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवरून नाव घेतलेल्या कृष्णवर्णीय समाजातल्या 'टोळ्या'. मणी आणि पिसांचे पोशाख वर्षभर स्वतः हाताने शिवतात, दर वर्षी नवा. 19 मार्चला सेंट जोसेफचा दिवस, त्याच्या आगेमागे रविवारी अपटाउनची 'सुपर संडे' मिरवणूक, ए. एल. डेव्हिस पार्कपासून, लसाल आणि वॉशिंग्टनच्या कोपऱ्यावर. पक्की तारीख जवळ आल्यावरच कळते, आणि पाऊस असेल तर पुढे ढकलतात कारण भिजलं की पिसांचं काम वाया जातं. म्हणून रविवार पूर्ण मोकळा ठेवा, तिकीट काढलेलं काही ठेवू नका.

क्रम असा: सर्वात पुढे 'स्पाय बॉय', मग 'फ्लॅग बॉय', मागे 'बिग चीफ'. 'वाइल्ड मॅन' गर्दी बाजूला करत फिरतो. तो अंगावर आल्यासारखा येतो, घाबरू नका, मागे सरका. चीफला जागा करून देणं हेच त्याचं काम. पिसांना, मण्यांना हात लावायचा नाही. फोटो काढायला हरकत नसते, पण जवळून चेहऱ्याचा काढायचा तर विचारा. इथे वाद्यं कमी: टॅम्बोरिन, ढोल आणि सवाल-जवाबाची गाणी.

तिथून जवळच लसाल स्ट्रीटवर ड्यू ड्रॉप इन आहे. वंशभेदाच्या काळात 1939 साली सुरू झालेला क्लब, अनेक वर्षं बंद राहून 2024 मध्ये हॉटेल आणि मैफलीची जागा म्हणून पुन्हा उघडला. रविवारी संध्याकाळी तिथे काय आहे ते बघून ठेवा.

चारचौघी
काँगो स्क्वेअर राहिला. आर्मस्ट्राँग पार्कमध्ये, ट्रीमे वस्तीच्या तोंडाशी. गुलामगिरीच्या काळात रविवारी आफ्रिकन लोक इथे जमून ढोल वाजवत, नाचत, बाजार भरवत. 1817 च्या शहरी हुकुमाने असं जमणं या एकाच जागेपुरतं ठेवलं. आज दगडी फरसबंदीचं वर्तुळ आणि मोठी झाडं आहेत. दिवसाउजेडी जा. तिथून बॅकस्ट्रीट कल्चरल म्युझियम चालण्याच्या अंतरावर. रविवारी रस्त्यावर जे बघाल ते पोशाख आदल्या दिवशी इथे काचेमागे नव्हे तर हाताच्या अंतरावर बघा, टाके कळतात.

सेंट लुई क्रमांक 1 स्मशानभूमीत मात्र 2015 पासून परवानाधारक वाटाड्याशिवाय सोडत नाहीत.

रात्रपाळी
सुरक्षिततेचं थोडक्यात. रात्री दहानंतर फ्रेंचमेनहून हॉटेलला चालत नको, गाडी बोलवा. फ्रेंचमेनवरच बोलावली तर गर्दीत अडकते, दोन मिनिटं चालून एस्प्लनेडच्या कोपऱ्यावर बोलवा. "तुमचे बूट कुठून घेतले ते ओळखतो, वीस डॉलरची पैज" असं कुणी म्हणालं तर उत्तर न देता पुढे चला. "ते तुमच्या पायात आहेत" हे त्याचं उत्तर असतं आणि मग पैशांसाठी गळी पडतात. रस्त्यावर पेय हातात घेऊन चालायला परवानगी आहे, पण प्लास्टिकच्या पेल्यात, काच नाही. बारमध्ये सिगारेटला 2015 पासून बंदी, त्यामुळे धुराची चिंता नको.

खमाज
सगळ्यांचे मनापासून आभार. असं जुळवलंय: गुरुवार संध्याकाळ प्रिझर्व्हेशन हॉल. शुक्रवार जॅझ म्युझियम, मग फ्रेंचमेन पाच ते साडेआठ. शनिवार काँगो स्क्वेअर, बॅकस्ट्रीट, रात्री स्नग हार्बर. रविवार मोकळा. टिपिटिनाज हा क्लब कुठे बसवू?

ट्रामवाट
तुमच्या दोघांसाठी, मुलगी आजीपाशी राहणार असेल तर, गुरुवारी रात्री हॉलचा प्रयोग संपल्यावर. नेपोलियन अॅव्हेन्यू आणि चापिटूलसचा कोपरा, 1977 पासून, पियानोवादक प्रोफेसर लाँगहेअरच्या वाजवण्याची जागा म्हणून उघडलेली. उभं राहून ऐकायचं असतं, मुख्य बॅन्ड उशिरा सुरू होतो. ट्रामने नेपोलियनला उतरून नदीकडे बरंच चालावं लागतं, रात्री ते करू नका, टॅक्सीने जा-या करा. कानात घालायचे फोमचे बोळे न्या, लेकीसाठीही चारही रात्री पर्समध्ये असू द्यात. आणि गुरुवारी उशीर होऊ नये म्हणून ह्यूस्टनहून सकाळी सातच्या आत निघा: साडेतीनशे मैल आहे, अचाफलाया दलदलीवरच्या 18 मैलांच्या पुलावर अपघात झाला की मधे बाहेर पडायला वाट फारशी नाही, आणि बॅटन रूजचा नदीवरचा पूल दुपारी तीननंतर तुंबतो. प्रिझर्व्हेशन हॉलचं तिकीट आठच्या आधीचं काढू नका.